परसातलं बॉक्स टर्टल : ओढ्याकाठच्या वस्तीतल्या प्रकल्प नोंदी

स्थळ : अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचा पिडमाँट पट्टा. ओढ्याला पाठ करून असलेली नऊ घरं, मागे ओक आणि हिकरीचं रान, पुढे दोन पदरी रस्ता.
काम : परसात कासव दिसलं तर काय करायचं याची एकच पद्धत सगळ्या घरांत रुजवणं आणि त्यासाठी कुंपण, खड्डे, गवत यांत लागतील ते बदल करणं.

६ एप्रिल

जमिनीत चार इंच खाली तापमान सलग पाचएक दिवस ४५ फॅरनहाइटच्या वर राहिलं की बॉक्स टर्टल ही जमिनीवर राहणारी कासवं थंडीची झोप सोडून वर येऊ लागतात. मातीत खुपसायचा साधा थर्मामीटर सावलीत लावला आहे. आकडा तिथवर पोचला आहे, म्हणजे आजपासून कुणालाही कुठेही कासव दिसू शकतं.

कामाची सगळी दिशा एका गोष्टीवर ठरते. परसात दिसलेलं बॉक्स टर्टल वाट चुकलेलं नसतं, ते स्वतःच्या घरी असतं. बहुतेक प्रौढ कासवांचा आयुष्यभराचा वावर दोनएकशे मीटर व्यासाच्या रानात होतो. पाणी कुठे, अळंबी कुठे उगवते, थंडीत कुठे शिरायचं, हे सगळं त्यांना तेवढ्याच जागेत ठाऊक असतं. उचलून पाच मैलांवरच्या ‘छान’ जंगलात सोडलं तर ते तिथे रमत नाही, परतीच्या वाटेला लागतं आणि रस्त्यांमागून रस्ते ओलांडत बसतं. म्हणून पहिला नियम : हलवायचं नाही. बदलायचं ते परस.

१३ एप्रिल

ओळख पक्की करण्याचा कागद तयार झाला. प्रत्येक घरात फ्रीजवर लावायचा आहे, त्यामुळे एका पानापेक्षा मोठा नको.

घुमटासारखी उंच पाठ, साधारण पाच-सहा इंच लांबी, तपकिरी कवचावर पिवळ्या-नारिंगी रेघा किंवा ठिपके, आणि पोटाच्या कवचाला आडवी बिजागरी. ही बिजागरी खरी खूण. कासव डोकं-पाय आत घेऊन पोटाची झडप वर ओढतं आणि पूर्ण बंद होतं. पाठ चपटी आणि मागच्या बोटांमध्ये पडदे असतील तर ते तळ्यातलं कासव. शेपूट लांब, करवतीसारखी आणि कवच अंगाला अपुरं असेल तर ते स्नॅपिंग टर्टल, त्याला हात लावायचा नाही.

नर-मादी : नराचे डोळे बहुधा लाल, पोटाचं कवच मागच्या भागात खोलगट, शेपूट जाड, मागच्या पायांची नखं आत वळलेली. मादीचे डोळे तपकिरी, पोट सपाट, पाठ जास्त उंच. एकाच खुणेवर निकाल देऊ नये. तपकिरी डोळ्यांचे नरही निघतात.

पाठीवरच्या खवल्यांची वर्तुळं मोजून वय काढण्याचा मोह सगळ्यांना होतो. पहिली दहा-पंधरा वर्षं अंदाज चालतो, पुढे वर्तुळं इतकी दाटतात आणि झिजतात की आकडा निरर्थक. पन्नाशी ओलांडलेली बॉक्स टर्टल दुर्मीळ नाहीत, एवढं सांगणं पुरे.

पाळलेलं, सुटून आलेलं कासव वेगळं ओळखावं लागतं. चोच वाढून वाकलेली, नखं लांबलचक, कवचाचे खवले मनोऱ्यासारखे उठलेले, माणूस दिसताच खाण्याच्या आशेने जवळ येणं, किंवा या भागात नसलेली जात : यातलं काही दिसलं तर रानात सोडायचं नाही. पाळीव प्राण्यातले जंतू रानातल्या कासवांत जातात. ते रिहॅबरकडे, म्हणजे जखमी-आजारी रानटी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या परवानाधारकाकडे.

२० एप्रिल

दिसलं की करायचं काय, याचा क्रम ठरला. त्याचे टप्पे मुद्दाम थोडे ठेवले आहेत.

कासव चालतंय, डोळे उघडे आणि स्वच्छ आहेत, नाकाला फेस नाही, कवचाला चीर नाही : तर लांबून बघायचं, कुत्रा आत न्यायचा, गवत कापण्याचं यंत्र बंद करायचं आणि फोटो काढायचा. खायला घालायचं नाही, बादलीत ठेवायचं नाही, तळ्यात ‘सोडायचं’ नाही. ही जमिनीवरची जात आहे, खोल पाण्यात फार तग धरत नाही.

रस्त्यात असेल तर आधी आपली गाडी बाजूला, धोक्याचे दिवे चालू, येणारी वाहनं बघून मगच उतरायचं. दोन्ही हातांनी कवचाच्या दोन कडा, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधोमध धरायच्या. जमिनीपासून फार उंच उचलायचं नाही, कारण पाय झाडले की हातातून निसटतं. ज्या दिशेला तोंड होतं त्याच दिशेला, रस्त्याच्या कडेपासून वीस-तीस फूट आत ठेवायचं. ‘जिथून आलं तिथेच बरं’ म्हणून मागे ठेवलं तर दहा मिनिटांत पुन्हा रस्त्यावर. शेपटीला धरून उचलू नये, मणक्याला इजा होते.

उचलल्यावर कासव बऱ्याचदा मूत्राशय रिकामं करतं. पँट भिजते हा भाग सोडून द्या; कोरड्या दिवसांत ते साठवलेलं पाणी त्याच्या कामाचं असतं. विनाकारण न उचलण्याचं हे एक साधं कारण आहे. हात साबणाने धुवायचे : निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. अमेरिकेत चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला १९७५ पासून बंदी आहे ती मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे. धुण्यासाठी स्वयंपाकघराचं सिंक नको, बाहेरचा नळ.

‘एकच आहे, मुलांसाठी ठेवू या का?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येणार, म्हणून उत्तर लेखी ठेवलं. मादी वयात यायला सात ते दहा वर्षं लागतात, एका वेळी बहुधा तीन ते सहा अंडी, आणि त्यातली बहुतेक पिल्लं मोठी होतच नाहीत. सगळी भिस्त प्रौढांच्या लांब आयुष्यावर. दरवर्षी दोन-चार प्रौढ कमी झाले की त्या रानातली संख्या घसरू लागते, आणि घसरण दिसेपर्यंत वीस वर्षं गेलेली असतात. मेरीलँडमधल्या पॅटक्संट संशोधन केंद्रात ल्युसिल स्टिकल यांनी १९४० च्या दशकात सुरू केलेली मोजणी पुढे दशकानुदशके चालली म्हणूनच तिथली घट कळली.

कायदाही आहे. नियम राज्यागणिक बदलतात. मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्कमध्ये ही ‘विशेष चिंतेची’ जात म्हणून नोंदलेली आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स करारानुसार निर्बंध आहेत. नॉर्थ कॅरोलिनाने तर १९७९ मध्ये तिला राज्याचा सरीसृप केलं. आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याचं संकेतस्थळ बघितल्याशिवाय काही ठरवू नये.

२७ एप्रिल

फोटो-नोंद सुरू. पाठीवरची नक्षी प्रत्येक कासवाची वेगळी असते आणि प्रौढ झाल्यावर फारशी बदलत नाही, त्यामुळे रंग फासायची किंवा कवचाला खाचा पाडायची गरज नाही. खाचा पाडणं हे परवाना असलेल्या संशोधकांचं काम.

चार फोटो : वरून, डावी बाजू, उजवी बाजू, पोट. शेजारी मोजपट्टी. ऊन थेट नको, कवच चकाकतं आणि रेघा हरवतात. अंगाची सावली पाडून काढलेला फोटो सर्वांत चांगला येतो. पोटाच्या फोटोसाठी उलटं ठेवायचं नाही, हातात धरून हळू तिरपं करायचं, फोटो झाला की लगेच सरळ. सगळं दोन मिनिटांत उरकायचं. कवचाच्या कडेला प्रत्येक बाजूला बहुधा बारा खवले असतात. तुटलेला, दबलेला खवला असेल तर तो मानेकडून मोजून ‘डावा ४’, ‘उजवा ९’ असा लिहायचा. दोन वर्षांनी ओळख पटवताना नक्षीपेक्षा ही जुनी जखमच आधी सापडते.

ठिकाण लिहिताना घर क्रमांक आणि कोपरा वहीत. समाजमाध्यमावर मात्र फक्त जिल्हा. ही कासवं चोरून विकली जातात आणि नेमका पत्ता असलेला फोटो चोरांच्या कामाचा. फोनचा कॅमेरा फोटोत स्थान नोंदवतो, ते बंद करून ठेवावं.

४ मे

कुंपण. सर्वांत जास्त वेळ इथेच जाणार.

लाकडी फळ्यांचं कुंपण जमिनीला टेकलेलं असेल तर कासवाचं रान दोन तुकड्यांत कापलं जातं. उपाय : खालच्या बाजूला आठ इंच रुंद, सहा इंच उंच भोक. ओढ्याकडच्या बाजूला दर पंधरा-वीस फुटांवर एक, आणि एक कोपऱ्यापाशी. कोपरा महत्त्वाचा, कारण कासव कुंपणाला लागलं की कडेकडेने चालत कोपऱ्यात जाऊन अडतं. कापलेल्या फळीच्या कडा घासून घ्यायच्या, भोकाचा उंबरठा मातीच्या पातळीत ठेवायचा. एक इंचाची पायरी मोठ्या कासवाला काहीच नाही, पण पिल्लाला भिंत.

कुत्रा असलेल्या घरांत उलटं करायचं. तिथे कासव आत येऊच नये. बॉक्स टर्टल पूर्ण बंद झालं तरी मोठा कुत्रा कवचाच्या कडा चावून तोडतो. अशा घरी जाळीच्या कुंपणाला जमिनीपासून अठरा इंच उंचीपर्यंत अपारदर्शक पत्रा, त्याशिवाय सहा इंच मातीत पुरून. अपारदर्शक कशासाठी? पलीकडचं दिसत असलं की कासव तासन्‌तास जाळीला ढुशा देत फिरतं, उन्हात तापतं, आणि ही जात चढतेही बरी : साखळी-जाळीवर पाय अडकवत वर जाते आणि उलटी पडते. पलीकडचं दिसेनासं झालं की वळसा घेते.

कुत्र्याच्या तीन घरांना पत्रा, उरलेल्या सहांना भोकं. घर क्रमांक ७ मध्ये भोकातून शेजारचा ससा भाजीच्या वाफ्यात येणार ही तक्रार रास्त आहे. तिथे वाफ्यालाच वेगळी जाळी लावू, कुंपण उघडं राहील.

११ मे

खड्डे. तळघराच्या खिडकीपुढचे अर्धगोल खड्डे हे सापळेच. कासव पडलं की गुळगुळीत पत्र्यावरून वर येऊ शकत नाही आणि उन्हाळ्यात तिथेच वाळतं. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं झाकण सर्वांत सोपं. मात्र ते चारी बाजूंनी घट्ट बसायला हवं, दोन इंच फट राहिली तर पिल्लू तेवढ्यातून पडतं. झाकण बसत नसेल तिथे फळीचा उतार : सहा इंच रुंद फळी, त्यावर अर्धा इंच भोकांची तारेची जाळी स्टेपल केलेली, चढ तीस अंशांपेक्षा कमी. खड्डा खोल असेल तर एवढा कमी चढ सरळ बसत नाही, फळी तिरपी किंवा दोन टप्प्यांत लावावी लागते.

पोहण्याचा तलाव एकाच घरात. कडेने बारा इंच उंचीची सलग पट्टी उभी केली. बेडकांसाठी मिळणारे तरंगते उतार अर्ध्या किलोच्या कासवाखाली बुडतात. रोज सकाळी स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या यंत्राची) टोपली उघडून बघायची. पाण्यात सापडलेलं कासव साध्या पाण्याने धुवून सावलीत ठेवायचं. तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील तर थेट रिहॅबरकडे.

फळझाडांवरची सैल नायलॉन जाळी जमिनीपासून आठ इंच वर बांधली. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या सगळ्या घरांतून काढून टाकल्या. गोगलगाय हे या कासवाचं आवडतं खाणं आहे, त्यामुळे विष कुणाच्या पोटात जातं ते सांगायला नको. गोगलगायी कमी करायच्या असतील तर कासवच ते काम करतं, फार मंदपणे, पण करतं.

१८ मे

गवत कापणं. प्रौढ कासवाची उंची तीन-चार इंच, त्यामुळे पातं कितीही वर घेतलं तरी लॉनवर ते वाचेलच असं नाही. पातं वर घेण्याने पिल्लं वाचतात, म्हणून चार इंच ठेवायचंच. मोठ्यांना वाचवते ती वेळ. सकाळी आणि पावसानंतर ती उघड्यावर येतात. भर दुपारी, कोरड्या गवतात जवळजवळ सगळी सावलीत दडलेली असतात. तेव्हाच कापायचं. आधी एकाने चालून बघायचं, काठीने गवत बाजूला करत. कापायला मध्यातून सुरुवात, बाहेरच्या कडेकडे जात जात, म्हणजे कासवाला रानाकडे सरकायची वाट राहते. कडेने आत येत कापलं तर ते मधल्या गवताच्या बेटात कोंडलं जातं आणि शेवटच्या फेरीत सापडतं.

लॉन आखूड आणि नियमित ठेवलेलं असेल तर कासव त्यात थांबत नाही, ओलांडून जातं. धोका तीन आठवडे वाढू दिलेल्या गवतात. कडेच्या दोऱ्याच्या ट्रिमरने पाय कापले जातात, म्हणून कुंपणालगत दोन फूट पट्टा तसाच सोडला : तिथे पालापाचोळा, दोन ओंडके, रानस्ट्रॉबेरी, ब्लॅकबेरी आणि सावलीत मेॲपल. मेॲपलच्या पिकलेल्या फळांवर बॉक्स टर्टल तुटून पडतं आणि त्याच्या पोटातून आलेल्या बिया चांगल्या उगवतात. माणसांसाठी त्या झाडाची पानं, मुळं आणि कच्चं फळ विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरांनी लावू नये.

पाणी : कुंडीखाली ठेवायची बारा-सोळा इंचांची बशी, खोली दीड-दोन इंच, काठ जमिनीच्या पातळीत पुरलेला, आत दोन चपटे दगड. दर दोन दिवसांनी पाणी ओतून घासायची. तसं केलं नाही तर डास होतात आणि एका आजारी कासवाचा रोग सगळ्यांना जातो.

२५ मे

जखमींसाठीची पेटी. प्रत्येक घरात नको, दोन पुरेत; एक रस्त्याच्या टोकाच्या घरी, एक मधल्या.

आत काय : झाकणाचं प्लॅस्टिक टब, कडेला हवेची भोकं, जाड टॉवेल, निर्जंतुक गॉझ, सलाइनची बाटली, हातमोजे, कायम शाईचं पेन, आणि जवळच्या तीन परवानाधारक रिहॅबरांचे फोन. फोन आधी लावून पाहिले, कासवं घेतात का ते विचारलं. बरेच जण फक्त पक्षी किंवा सस्तन प्राणी घेतात, आणि हे रविवारी संध्याकाळी कळून उपयोग नसतो. ‘ॲनिमल हेल्प नाऊ’ या संकेतस्थळावर पत्ता टाकला की जवळचे मदतनीस दिसतात, पण तिथून मिळालेला क्रमांकही एकदा पडताळावा.

काय करायचं : टॉवेलवर ठेवायचं, झाकण लावायचं, अंधारात आणि शांत जागी, ७० ते ८० फॅरनहाइटच्या खोलीत. जखमेवर माती असेल तर सलाइन, त्यावर सैल गॉझ. रक्त वाहत असेल तर गॉझने हलका दाब. उन्हाळ्यात उघड्या जखमेवर माशा काही तासांत अंडी घालतात, म्हणून झाकणं हे निम्मं औषध.

काय नाही : अन्न नाही, पाणी नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड नाही, गरम पॅड नाही, आणि कवच जोडायला इपॉक्सी तर मुळीच नाही. कवच म्हणजे जिवंत हाड, त्यात रक्त आणि नसा असतात. वरून चिकटवलं की आतला संसर्ग कोंडतो. घुमटाच्या आतल्या बाजूला लगेच फुप्फुसं असतात, त्यामुळे पाठीची चीर पोटाच्या चिरेपेक्षा गंभीर धरावी. तुटलेला तुकडा पडलेला असेल तर तोही ओल्या गॉझमध्ये घ्यावा.

झाकणावर लिहायचं : तारीख, वेळ, काय झालं, आणि नेमकी जागा, जवळच्या घराच्या क्रमांकासह. कवच भरायला महिने लागतात आणि बरं झालेलं कासव त्याच जागी सोडावं लागतं. जागा लिहिली नाही तर इतक्या उपचारांनंतर ते परक्या रानात जातं.

मेलेलं वाटतं ते मेलेलं असतंच असं नाही. थंड रक्ताच्या प्राण्याचं हृदय सावकाश चालतं. मे-जूनमध्ये रस्त्यावर चिरडलेली मादी असेल तर पोटात अंडी शाबूत असू शकतात आणि काही रिहॅबर ती काढून उबवतात. म्हणून अशा वेळीही फोन करायचा.

चीर नसतानाही पेटी लागते अशा खुणा : कानामागे डोक्याच्या बाजूला गोटीएवढी सूज (आत घट्ट पू असतो), सुजून मिटलेले डोळे, नाकाला फेस, तोंडात पिवळट थर. शेवटच्या दोन-तीन एकत्र दिसल्या तर रानाव्हायरस या जीवघेण्या विषाणूची शंका घ्यावी. एकाच आठवड्यात दोन आजारी कासवं दिसली तर राज्याच्या वन्यजीव खात्याला कळवायचं, पाण्याच्या बशा उचलायच्या, आणि पेटी, बूट, मोजपट्टी एक गॅलन पाण्यात अर्धा कप घरगुती ब्लीच घालून धुवायची, मग साध्या पाण्याने.

१२ जून

घर क्रमांक ५ मध्ये वाफ्याच्या उघड्या, उन्हाच्या कोपऱ्यात मादीने संध्याकाळी खणायला घेतलं. बाहेरचा दिवा बंद, कुणी जवळ गेलं नाही. हे काम अंधार पडल्यावर काही तास चालतं. मध्ये त्रास दिला तर ती अर्धवट सोडून जाते. मागच्या पायांनी तीन-चार इंच खोल, आत रुंद असा खड्डा, अंडी घालून माती पुन्हा दाबून सपाट. सकाळी जागा ओळखू येत नाही, म्हणून रात्रीच चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या.

अंडी उकरून ‘सुरक्षित’ ठिकाणी नेण्याची सूचना आली. नाही. पहिल्या एक-दोन दिवसांनंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि अंडं फिरलं तर मरतो. शिवाय बऱ्याच राज्यांत घरट्याला हात लावायला परवानगी लागते. वरून जाळी ठेवण्याबद्दलही खात्याला विचारून घेतलं.

१३ जून

जाळी. अर्धा इंच चौकटीची वेल्डेड तार, दोन फूट बाय दोन फूट, उंची आठ इंच, तळ उघडा. चारी बाजूंना बाहेर वळवलेली बारा इंचांची झालर, ती लांब पिनांनी जमिनीला ठोकलेली आणि वर विटा. झालर कशासाठी : रॅकून हा अंडी उकरून खाणारा प्राणी जाळी वाकवत नाही, कडेला लागून खणतो, आणि बाहेर एक फुटावरून बोगदा काढण्याएवढी चिकाटी त्याच्यात बहुधा नसते.

वरचं झाकण लाकडी करू नये. सावली पडली की माती थंड होते. मातीच्या उष्णतेवर पिल्लांचं लिंग ठरतं, २७ अंश सेल्सियसच्या खाली नर जास्त, २८ च्या वर माद्या; आणि थंडाव्याने फुटण्याची तारीखही लांबते. वरही तारच.

बाहेर पडण्यासाठी प्रत्येक बाजूला जमिनीलगत अडीच इंच रुंद, दोन इंच उंच भोक. पिल्लू सव्वा इंचाचं असतं, तेवढं पुरतं. पण आत्ताच उघडी ठेवली तर चिपमंक (खारीसारखा प्राणी) शिरतो, म्हणून साठ दिवस तारेच्या तुकड्याने बंद. फुटायला सत्तर ते नव्वद दिवस धरले तर २१ ऑगस्ट ते १० सप्टेंबर. भोकं ११ ऑगस्टला उघडायची.

१३ जुलै

जाळीच्या आत तांबड्या फायर अँट मुंग्यांचं वारूळ उठू लागलं. अंडं फोडताना अडकलेलं पिल्लू त्या खाऊन टाकतात. नेहमीचे दोन्ही उपाय इथे बाद : उकळतं पाणी अंडी शिजवतं, कीटकनाशक मातीत उतरतं. वारूळ अजून वरवरचं होतं आणि घरट्यापासून फूटभर लांब, ते फावड्याने उचलून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकलं. दर दोन दिवसांनी बघायचं.

११ ऑगस्ट

चारही भोकं उघडली. घरट्याला पाणी घालायचं नाही, वाफ्याच्या ठिबकची त्या बाजूची तोटी जूनपासूनच बंद आहे. मांजराचं खाणं ओट्यावर ठेवणाऱ्या दोन घरांनी ते रात्री आत घ्यायचं कबूल केलं, कारण त्या वासावर येणारा रॅकून घरट्यापर्यंत पोचतो.

४ सप्टेंबर

रात्रीच्या पावसानंतर मातीत अंगठ्याएवढं भोक आणि पश्चिमेच्या कडेला दोन पिल्लं. पोटाची बिजागरी या वयात चालत नाही, चार-पाच वर्षांनी चालू लागते. तोवर झडप बंद करून वाचणं शक्य नाही, पानाखाली लपणं हाच बचाव. त्यामुळे उघड्या लॉनवर ठेवू नये, तळ्यात सोडू नये, आत आणून वाढवू नये. जवळच्या पालापाचोळ्याच्या पट्ट्याची कड आणि भोक यांमध्ये चार फुटांचं उघडं अंतर होतं, तिथे पानांचा हात-दीड हात रुंद पट्टा टाकला. पिल्लं स्वतः गेली.

५ ऑक्टोबर

आणखी कुणी बाहेर आलं नाही. घरटं उकरून बघायचं नाही. उरलेली अंडी वांझ असतील, किंवा पिल्लं फुटून थंडीभर आतच थांबतील; या जातीत दोन्ही होतं. जाळी तशीच राहणार.

२ नोव्हेंबर

थंडीची तयारी. कासवं आता काही इंच ते दोनेक फूट खोल, पालापाचोळ्याखाली, सडलेल्या बुंध्याच्या खड्ड्यात किंवा कंपोस्टमध्ये शिरतात. थोडी गोठली तरी ती वाचतात, शरीरातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचं बर्फ होऊनही सावरल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. मात्र फावड्यापासून वाचत नाहीत. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल : कंपोस्ट काट्याने उलथायचं नाही, लागेल तेवढं वरून हाताने काढायचं. फांद्यांचे ढीग पेटवायचे नाहीत; जाळायलाच हवे असतील तर त्याच दिवशी ढीग दुसरीकडे रचून मग जाळायचा. पानं लॉनवरून कडेला ओढायची, सहा-आठ इंचांचा थर, पिशव्यांत भरून बाहेर ठेवायची नाहीत. हिवाळ्यात चुकून एखादं उघडं पडलं तर त्याच खड्ड्यात परत, वर तीच माती आणि पानं. घरात आणून उबदार केलं तर शरीर जागं होतं, साठवण खर्च होते आणि पुन्हा झोपवणं सोपं नसतं.

१६ नोव्हेंबर

बाकी कामं : घर क्रमांक २ च्या खिडकीच्या खड्ड्याचं झाकण एका बाजूला इंचभर उचललं गेलंय, चौथा स्क्रू लावायचा. पेटीतली सलाइन उन्हाळ्यात गरम गॅरेजमध्ये राहिली, बदलायची. रिहॅबरांचे फोन मार्चमध्ये पुन्हा लावून बघायचे.

घर क्रमांक ५ ची जाळी मेअखेरपर्यंत जागेवर. विटा थंडीत सरकतात, महिन्यातून एकदा दाबायच्या. जाळीला पत्र्याची पट्टी बांधून त्यावर कायम शाईने ‘अंडी १२ जून. मेअखेरपर्यंत हलवू नये, भोकं बंद करू नये’ असं दोन भाषांत लिहिलं आहे, कारण मार्चमध्ये लॉनवाले येतात तेव्हा घरी कुणी असेलच असं नाही.